चांगुणाबाईचं उकळलेलं पाणी

माझं नाव गजानन, जन्म कल्याणचा, वडील भिक्षुकी करायचे, म्हणजे सत्यनारायण, मुंज, श्राद्धपक्ष, जे येईल ते, आणि आम्ही चार भावंडं, त्यातला मी दुसरा. हे आधी लिहून घ्या, कारण माणूस कुठल्या घरातला ते कळल्याशिवाय तो असा का वागला ते कळत नाही. आमच्या घरात पिण्याच्या पाण्याला बाहेरच्याचा हात लागलेला चालायचा नाही. वडील वाईट माणूस नव्हते हो, दारावर आलेल्याला कधी रिकामं पाठवलं नाही, पण पाण्याचा तांब्या वेगळा, त्याची जागा वेगळी, आणि आम्हा मुलांना ते इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही विचार करण्यासारखं आहे असंच कधी वाटलं नाही.

भिक्षुकीत माझं मन रमेना म्हणून मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लावलं. डॉक्टरांचं नाव मी घेत नाही, ते गेले, त्यांची मुलंबाळं आहेत, आणि त्यांचा यात काडीचा दोष नाही. आता कंपाउंडर म्हणजे काय हे तुमच्या वयाच्या माणसाला सांगावं लागतं. रुग्णानं घरून बाटली आणायची, मी ती विसळायची, डॉक्टरांची चिठ्ठी बघून मिक्श्चर करायचं, आणि मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं तिच्या कडेला खाचा पाडायच्या, बाटलीला चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. माझ्या पट्ट्या अगदी सारख्या यायच्या, डॉक्टर म्हणायचे, गजानन, तुझ्या पट्टीनंच निम्मा रोगी बरा होतो.

फाळणी झाली आणि कल्याणच्या पलीकडे लष्कराच्या बराकींत सिंधी निर्वासितांची छावणी बसली. हजारो माणसं, घरदार सोडून आलेली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा तिथे जायचे, पैसे न घेता, आणि मी त्यांच्याबरोबर, सुया उकळायला, दंड पुसायला, नावं लिहायला. तिथे मी पटकी पाहिली, म्हणजे तुम्ही कॉलरा म्हणता ती. काय सांगू तुम्हाला, सकाळी चालताबोलता माणूस, दुपारी त्याचे डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली, आवाज बसलेला. डॉक्टरांनी मला तिथे शिकवलं, की गजानन, ही पटकी कुणाच्या जातीला चिकटलेली नसते, कुणाच्या वासाला नसते, ती पाण्यात असते, पाणी सांभाळ, बाकी सगळं मागाहून. हे मला पाठ होतं. दुसरा कुणी असता तर म्हणता आलं असतं की बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

आता दिनकर. दिनकर माझा लहानपणापासूनचा मित्र, आमच्या मागच्या आळीत राहायचा, शाळेत मास्तर झालेला, अंगानं काडी, पण जीभ अशी की वर्गातली पोरं हसून हसून लोळायची. वडील लवकर गेलेले, घरात तो आणि त्याची आई, तिला सगळी आळी माई म्हणायची. माईनं लोकांच्या घरी पापड-कुरडया करून त्याला शिकवलेलं. मीही तिच्या हातचं खाऊनच मोठा झालो, मला ती दुसरा मुलगाच मानायची.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. गणपती होऊन गेले होते, पितृपंधरवडा लागलेला, आणि मोठं वादळ झालं. खाडीला उधाण आलं, वरून नदीला पूर, आणि खारबेटचा बांध फुटला. खारबेट हे खाडीकाठचं गाव, कल्याण बंदरातून ओहोटीबरोबर होडी सोडली की दोनेक तासांत पोचायचं. निम्मे कोळी, निम्मे शेती आणि मिठागरावर काम करणारे. दोन दिवस गाव पाण्यात होतं. भात गेलं, घरं पडली, ढोरं मेली ती तशीच फुगून कुंपणांना अडकलेली. दिनकरनं शाळेत कपडे, तांदूळ, काड्यापेट्या गोळा केल्या आणि मला म्हणाला, गज्या, होडी ठरवली आहे, चल. मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, जा, पण दोघं आधी माझ्यासमोर बसा.

तो दिवस मला लख्ख आठवतो. डॉक्टरांनी आम्हाला पटकीची लस टोचली. माझी कितवी तरी होती, छावणीमुळे, दिनकरची पहिलीच. तो म्हणाला, डॉक्टरसाहेब, ही सुई आहे की दाभण? डॉक्टर म्हणाले, मास्तर, छडी मारताना पोरांनी असं विचारलेलं चालतं का तुम्हाला? मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं, हे बघा, टोचली म्हणजे चिलखत घातलं असं समजू नका, तिला आठ-दहा दिवस लागतात आणि तुम्ही परवा निघालात. मदतीला जाणाऱ्या माणसाला वाटतं आपण चांगलं काम करतोय, आपल्याला काय होणार. पण गावातल्या माणसाला निदान कुठलं पाणी बिघडलंय ते माहीत असतं, पाहुण्याला तेही माहीत नसतं. उकळलेलं पाणी बरोबर न्या. पायात बूट घाला, चिखलात अनवाणी जाऊ नका, जखम झाली तर तिथल्या पाण्यानं धुऊ नका. कुणी कापलेली काकडी दिली तरी नको म्हणा. आणि पाणी संपलं तर तिथली चांगुणा आहे, माझ्याकडे येते ती, मासेवाली, तिला मी वादळानंतर आली तेव्हा सगळं समजावलंय, ती पाणी खळाखळा उकळून, फडक्यानं गाळून ठेवते, तिच्याकडचं प्या. नितळ दिसतं म्हणून कुठलंही पिऊ नका. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पोटॅशच्या तीन पुड्या दिल्या, म्हणजे विहिरीत टाकायचं ते जांभळं औषध, त्यानं पाणी गुलाबी होतं. गावात तीन विहिरी. पोचल्या पोचल्या पहिलं काम हे, म्हणाले.

चांगुणाबाईला मी ओळखत होतोच. चाळिशीची असेल, सावळी, ठसठशीत, नवरा खाडीत बुडून गेलेला, एक दहा वर्षांची मुलगी, जना. दिनकरच्या आळीत निम्मी घरं मासे खाणारी, तिथे तिची रोजची गिऱ्हाइकं होती. आळीच्या तोंडाशी आली की ओरडायची, आणि ज्यांच्याकडे मासे चालत नाहीत त्या घरांसमोरून जाताना आवाज हळू करायची. माई तिला म्हणायची, बये, तुझ्या टोपलीचा वास माझ्या देवापर्यंत येतो गं. ती म्हणायची, माय, देवाला इचारा, त्याला आवडत असंल. असं चालायचं दोघींचं. वैर नव्हतं.

निघायच्या सकाळी मी दिनकरला बोलवायला गेलो तर तो आत कपडे बांधत होता आणि माईनं मला ओट्यावर थांबवलं. म्हणाली, गजू, याच्या वडिलांचं श्राद्ध चार दिवसांवर आलंय. हा कुठेही जातो, कुणाच्याही घरी बसतो, मी काही बोलत नाही. पण या पंधरवड्यात त्यानं भलत्या घरचं पाणी पिऊ नये एवढं तू बघ. तुला सांगते, कारण तू ऐकशील, तो ऐकायचा नाही. मी म्हटलं, माई, काळजी करू नका. एवढंच. पुढचं सगळं त्या ओट्यावर सुरू झालं.

खारबेटला पोचलो. काय ते दृश्य! चिखल गुडघ्याएवढा, वास असा की नाकाला रुमाल बांधूनही थांबेना, पोरं उघडीनागडी, बाया भिजलेलं भात उन्हात पसरून बसलेल्या. मी पाड्यातल्या दोन्ही विहिरींत पोटॅश टाकलं, पाणी गुलाबी झालं तसं पोरांना मोठी गंमत वाटली. तिसरी विहीर देवळाची, जरा उंचावर, दगडी कठडा, पाणी आरशासारखं. पुडी उघडतोय तर देवळाचा गुरव धावत आला, म्हणाला, हां हां, काय करता, हे देवाचं पाणी, रंग आलेल्या पाण्यानं मी अभिषेक कसा करू? उद्याची पूजा होऊ द्या, मग मी स्वतः टाकतो, पुडी ठेवून जा. मी भिक्षुकाचा मुलगा, मला त्याचं पटलं. मी पुडी त्याच्या हातात दिली, त्यानं ती गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्यात ठेवली. आणि हे लिहा, कठड्याच्या आतल्या बाजूला, पार वर, गवताच्या काड्या आणि गाळ चिकटलेला मला दिसला होता. म्हणजे पुराचं पाणी त्या कठड्यावरून आत उतरलं होतं. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

आमच्याकडे उकळलेल्या पाण्याची मोठी कळशी होती. दिनकरनं ती दुपारपर्यंत पोरांना पाजून संपवली. मी ओरडलो तर म्हणाला, अरे, तहानलेल्या पोराला काय सांगू, हे मास्तरांचं राखीव आहे? ऊन असं की डोकं फुटेल. तेवढ्यात चांगुणाबाई आली. तिच्या घराची एक भिंत पडलेली, तरी चूल पेटलेली. हातात नवंकोरं मडकं आणि घासलेला पेला. म्हणाली, पोरांनो, पानी पिया. उकललेला हाय, डाक्तरान सांगला तसा, फडक्यान गाललाय. त्या देवलाचे हिरीचा नका पिऊ, आमचे बायांनी पन सोडलाय.

दिनकरनं हात पुढे केला. मी हे शपथेवर सांगतो, त्यानं हात पुढे केला होता. मी त्याचा हात धरला आणि हळूच म्हटलं, अरे, श्राद्ध आहे, माईला शब्द दिलाय मी. त्यानं हात मागे घेतला. मग हसला, म्हणाला, गज्या, तू माझ्या आईचा हेर. आणि चांगुणाबाईला म्हणाला, मावशी, रागावू नका, आमचं पितरांचं लफडं आहे. ती हसली नाही. नाय पियाचा तर नका पिऊ, म्हणाली, पन तो पानी वंगाल हाय, मी सांगून ठेवतंय. मडकं उचलून ती गेली. मी आमचा तांब्या आणि दोर घेतला, देवळाच्या विहिरीचं पाणी काढलं, माझ्या हातानं, दिनकरला दिलं, मग मीही प्यायलो. चवीला जरासं खारट होतं. दिवसभरात आम्ही तीन-चारदा प्यायलो, आणि भरती लागली तशी होडीनं परत आलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे दिनकरला सुरू झालं. मी पोचलो तेव्हा डॉक्टर आलेले होते, त्यांनी शिरेतून सलाईन लावायला घेतलं पण शीर सापडेना, ठाण्याला न्यायला गाडी बघेपर्यंत दुपार झाली, आणि दुपारी तो गेला. सव्वीस वर्षांचा. डॉक्टरांनी मला बाहेर नेलं आणि विचारलं, तिन्ही विहिरींत टाकलंस ना? मी म्हटलं, हो. पहिलं खोटं ते.

दुसरं खोटं त्यानंतर तासाभरात. माई भिंतीला टेकून बसली होती, आळीतल्या सगळ्या बाया जमलेल्या, नातेवाईक आलेले, आणि ती सर्वांसमोर मला म्हणाली, गजू, कुठे रे प्याला तो पाणी? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी म्हणालो, चांगुणाबाईच्या घरी. का म्हणालो? मला अजून नीट सांगता येत नाही. तोंडाला आलं ते तेच आलं. आमच्या लोकांना ते लगेच पटलं, कुणी परत विचारलं नाही, कुणी म्हणालं नाही की असं कसं होईल.

मला काहीच झालं नाही. तेच पाणी, त्याच तांब्यातलं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या होडीनं एकटा खारबेटला गेलो, कारण ती तिसरी विहीर तशीच होती आणि मला झोप येईना. पुडी कोनाड्यात होती, दमट होऊन कागद जांभळा झालेला. गुरव दिसेना. मी ती विहिरीत टाकली आणि त्याच्या घराकडे गेलो तर त्याची बायको अंथरुणावर, आणि उशाशी चांगुणाबाई बसलेली, तिला मीठ घातलेली पेज चमच्यानं पाजत, शेजारी तेच नवं मडकं. गुरव दाराशी उकिडवा बसला होता. मला बघून म्हणाला, भटजी, मी टाकणार होतो हो. त्याची बायको वाचली.

चांगुणाबाईनं विचारलं, मास्तर कसा हाय? मी म्हटलं, गेला. ती एकदम डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, मी दिला होता रं पानी. हात पन केला होता त्यान. मी होडीकडे निघालो. तिला काय माहीत की कल्याणात काय बोलून आलोय मी.

तीन-चार आठवड्यांनी ती आळीत आली, टोपलीत चिंबोऱ्या आणि कोळंबी घेऊन. वादळानंतर पहिल्यांदा. तिचा आवाज आला तशी एकेक दार लागायला लागलं. मी तेव्हा माईच्या ओट्यावर होतो, तिचं औषध घेऊन आलेलो, बाटली हातातच. माई दारात आली आणि म्हणाली, माझ्या पोराला घाण पाणी पाजून मारलंस, आता मासे विकायला आलीस? चांगुणाबाईनं टोपली खाली ठेवली. तिला कळेचना. म्हणाली, माय, मी दिला पन तो पिला नाय. देवलाचे हिरीचा पिला. मी खोटा कनाला सांगू? या गजूभाऊला इचारा, ह्यो व्हता ना.

सगळी आळी खिडक्यांतून बघत होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, मला आठवत नाही.

 तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, कोळणीच्या शिव्या तुम्ही ऐकल्या नसतील. पण ती टोपलीकडे वळली. आता एक सांगतो. भरलेली टोपली एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो, आणि कल्याणात कुठल्याही आळीत कोळीण म्हणाली, जरा हात लावा, तर वाटेनं जाणारा माणूससुद्धा लावायचा, तेवढ्यापुरता विटाळ कुणी बघायचा नाही. त्या दिवशी तिनं कुणाला म्हटलं नाही आणि कुणी पुढे झालं नाही. ती गुडघ्यावर बसली, टोपली आधी मांडीवर घेतली, मग खांद्यावर, मग डोक्यावर, दोन चिंबोऱ्या खाली पडल्या, त्या तशाच टाकून गेली. मी पाच पावलांवर उभा होतो.

त्यानंतर खारबेटची मासळी कुणी घेईना. नुसतं चांगुणाबाईचं नाही, त्या गावच्या सगळ्याच बायांचं गिऱ्हाईक तुटलं. डॉक्टरांच्या घरीही बंद झालं. डॉक्टर मला म्हणाले, गजानन, मी तिला इतकं समजावलं होतं, तिनं उकळलं नसेल का रे पाणी? त्यांना स्वतःच्या शिकवण्याचा संशय आला. मी पट्टीला खाचा पाडत होतो, मान वर केली नाही. चांगुणाबाई मग चिखल तुडवत डोंबिवलीपर्यंत चालत जाऊन, पुढे आगगाडीनं, ठाण्याच्या बाजाराला बसायला लागली. तिथे तिची जागा नाही, ओळख नाही, कडेला बसायचं, उरलेली मासळी संध्याकाळी मातीमोलानं द्यायची. हे मला होडीवाल्याकडून कळायचं, मी न विचारता.

चार-पाच वर्षं अशी गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. माई थकली, मी रोज तिच्याकडे जायचो, औषध द्यायचो, पाय चेपायचो. एक दिवस माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, माई, मला तुम्हाला काही सांगायचं आहे, दिनूच्या पाण्याचं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, नको सांगूस. मला ठाऊक आहे. त्या पहाटे तो शुद्धीवर होता रे. हसत म्हणाला, माई, तुझं सोवळं राखलं हो मी, देवळाचं पाणी प्यालो. गजू, मी तुला सर्वांसमोर विचारलं ते का विचारलं असेन? तू दुसरं काहीतरी सांगावंस म्हणून. माझ्या सोवळ्यापायी तो गेला हे खरं धरलं असतं तर मी एक दिवस जगले असते का?

काय सांगू तुम्हाला. मी तिचे पाय चेपत राहिलो. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही तेव्हा, आणि आताही रेटत नाही. तिचा एकुलता एक मुलगा गेला होता. पण आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्याच बाईच्या डोक्यावर ते ठेवलं, आणि ती बाई ते घेऊन रोज ठाण्याला जात होती.

माई गेली त्याच वर्षी मी खारबेटला गेलो. म्हटलं, आता कुणाला दुखवायचं राहिलं नाही. चांगुणाबाई अंगणात वलणीच्या दोरीवर बोंबील वाळत घालत होती, जना तिला एकेक उचलून देत होती, लग्नाच्या वयाची झालेली. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पुडीचं, ओट्यावरच्या शब्दाचं, माईला काय बोललो त्याचं. ती बोंबील घालतच राहिली. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, मना म्हाईत हाय. मी व्हते ना तिथं. मना काय सांगतंस? ज्या आलीन बोललास, आठवत नाय, त्या आलीन जाऊन बोल, आठवतंय. मी म्हटलं, बोलतो. म्हणाली, जनाचे लग्नाचे आदी बोल, लोक इचारतान.

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. डॉक्टरांना कळेल, नोकरी जाईल, मुलीला कोण काय म्हणेल. नंतर डॉक्टर गेले, मग वाटलं आता कुणाला काय पडलंय. जनाचं लग्न ठरायला पुढे तीन वर्षं लागली असं ऐकलं. त्याचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही, पण नसेल असंही म्हणवत नाही. चांगुणाबाई गेली ते मला महिन्यानं कळलं.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. कुठे पूर आला की आमच्या इमारतीतली मुलं बिस्किटांचे पुडे घेऊन निघतात, चांगली मुलं आहेत. मी त्यांना जिन्यात अडवतो, विचारतो, पाणी कुठलं पिणार? इंजेक्शन कधी घेतलं, काल घेतलं असेल तर ते धरू नका. पायात काय आहे, चपला? परत जा, बूट घाला. आणि तिथली बाई वाईट म्हणेल त्या पाण्याला हात लावू नका, ती देईल तेच प्या, कुणाचं घर ते विचारू नका. मुलं म्हणतात, आजोबांचं सुरू झालं. पण ऐकतात, बाटल्या भरून नेतात.

गेल्या वर्षी वाचनालयाची स्मरणिका निघाली, त्यात दिनकरचा फोटो आला, आणि खाली छापलं होतं, पूरग्रस्तांची सेवा करताना कोळीवाड्यातलं दूषित पाणी पिऊन मृत्यू. कुणी मुद्दाम नाही केलं. मीच सांगितलेलं इतकी वर्षं फिरत फिरत छापखान्यात पोचलं. ते वाचलं आणि तुम्हाला फोन केला, की या, लिहून घ्या. माझं नाव गाळू नका. माईचं लिहिलंत तर तिच्यावर जरा मायेनं लिहा. मी कंपाउंडर होतो, मला कळत होतं, हे मात्र मऊ करू नका.

मागच्या आठवड्यात नातवाला घेऊन खारबेटला जाऊन आलो. आता पूल झालाय, रिक्षा थेट जाते. जना भेटली, साठी उलटलेली, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, तुझ्या आईचं राहिलेलं काम करायचंय मला, त्या आळीत जाऊन बोलायचंय, येशील का? तिनं सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. मग म्हणाली, आता ती जुनी आली तरी ऱ्हायली हाय का? मी म्हटलं, इमारती झाल्यात, जुनं घर एकच आहे, ओळखीचं कुणी नसेल, लोकांना वाटेल म्हाताऱ्याला भ्रम झालाय. ती म्हणाली, वाटंना का. मी येतंय, बाजूला उभी ऱ्हातंय. पन बोलाचा तुमी.

तर या रविवारी सकाळी दहाला जायचं आहे. तुम्हीही या, हे कागद घेऊन या, मी कुठे अडलो तर पुढचा शब्द सांगा. तुमचं कल्याण होवो, एवढा वेळ बसून ऐकलंत. पहिला शब्द सांगायची गरज पडणार नाही. मला आठवतंय, असंच म्हणून सुरुवात करणार आहे.